कलम चार

रविवारी सातला सभा.
शुक्रवारी नाही, शनिवारी तारे दिसेपर्यंत नाही,
हे कलम दोन, त्यावर कुणाचाच वाद नाही.
सेनेका तळ्यावरून वारा येतो,
खिडकीच्या फटीत कुणीतरी मोजे कोंबलेत.

मी सचिव. माझ्याकडे नियमांची वही,
अठ्ठावन्न साली टाइप केलेली,
एक अक्षर कायम अर्धंच उठलेलं.
हे नियम काही कुणी डोंगरावरून खाली आणले नाहीत.
एकेकामागे एकेक मुलगी उभी आहे.
कलम अकरा, खोलीत मेणबत्ती लावू नये:
हनुकाच्या सहाव्या रात्री पडदा पेटवणारी कुणी फ्रीडा.
कलम सोळा, निळ्या मुठीची सुरी दुधाच्या ओट्यावरच:
तिच्यापायी कोण कुणाशी वर्षभर बोललं नाही,
ते वहीत नाही.
कलम वीस, वर्गणी जमत नसेल तर एकट्या खजिनदाराला सांगावं,
तिने ते थडग्यापर्यंत न्यावं.
(शेवटची ओळ पेन्सिलीतली. ठराव नाही, अनुमोदन नाही.
आजवर कुणी खोडलीही नाही.)

आणि कलम चार. सभासद कोण.
जिची आई ज्यू.
संपलं.

मॅरन पिंकस बाहेर जिन्यावर बसली आहे,
चर्चेला उमेदवार नको, कलम पाच.
तळ्यापलीकडे तिच्या वडिलांची सफरचंदांची बाग.
ऑक्टोबरात तिने खोकं आणलं, एकाच झाडाची तीन जातींची फळं.
बाबा कलमं बांधतात, म्हणाली,
रस चढला की झालं.
तिची आई लुथरन. दर शुक्रवारी वेणीचा पाव भाजते,
लोणी घालून,
आणि वाढते मटणाबरोबर.

झिपोरा वाइनगार्टन उठली.
"आज आई सोडली, उद्या काय उरेल?"
रागाने नाही बोलली. तिच्या घरच्यांनी
या एका शब्दापायी देश सोडलाय.
खाली बसली तेव्हा गुडघे थरथरत होते.
ब्लूमा म्हणाली, "सेडरला मॅरनला चारी प्रश्न पाठ होते.
तू दुसऱ्यालाच अडखळलीस."
हसलो सगळ्या. झिपोराही, थोडी.

दुरुस्तीला दोन तृतीयांश लागतात.
कपडे धुताना आठवडाभर कुजबुजून झालेला हिशेब:
बाजूने एकवीस. हजर बत्तीस.
बत्तीसचे दोन तृतीयांश म्हणजे एकवीस आणि वर एक तुकडा,
आणि लेकराचे तुकडे करायचे नसतात
हे आम्ही एका फार जुन्या निवाड्यातून शिकलोय.
म्हणून बावीस.
द्वोरा हेल्पर्न अजून प्रयोगशाळेत.
हजेरी संपली की दार बंद, कलम आठ.

हजेरी पूर्ण नावाने घ्यावी असं लिहिलंय.
किती वेगाने, ते लिहिलेलं नाही.
मी पूर्ण नावं घेतली.
मग हिब्रू नावं, प्रार्थनेत घेतात तशी, आईबापांसकट:
ओडेलिया, शिमोन आणि ब्राखाची मुलगी.
ब्लूमा, एफ्राइम आणि गितेलची मुलगी.
पाणी प्यायले. पान उलटलं. परत उलटलं.
अध्यक्षा घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.
झिपोराचं नाव आलं. मला वाटलं, आता हरकत घेणार.
"वडिलांचं नाव नीट नाही घेतलंस," ती म्हणाली.
"परत वाच."

परत वाचलं.

शेवटून दुसऱ्या नावावर दार ढकललं गेलं,
केसांत बर्फ, दातांत हातमोजा,
हजर, म्हणाली द्वोरा, मोजा न काढताच.

इतिवृत्त: हजर तेहतीस. बाजूने बावीस. विरोधी अकरा.
हजेरीस लागलेला वेळ, अकरा मिनिटं.
हे लिहायची गरज नव्हती.
माझी चिठ्ठी कुठली, ते सांगत नाही. कलम नऊ.

निकाल सांगायला दार उघडलं तर
कठड्याला डोकं टेकून मॅरन झोपून गेलेली,
एक बूट पायात, एक खालच्या पायरीवर.
उठवायचं कुणी,
यावर वहीत काहीच नाही.