टिकवाली

तुर्भ्याच्या भंगार गल्लीत
माझं नाव कुणाला माहीत नाही.
इस्रार लांबूनच पोऱ्याला ओरडतो,
‘टिकवाली आली रे कैफ, ती गोणी काढ.’

गोणीत मेलेल्या मशिनींची आतडी:
धुलाईयंत्रांच्या दारांचे स्विच,
झेरॉक्सचे दाते,
कुठल्याशा लिफ्टची बटणं, अजून चौथा मजला धरून बसलेली,
एक अख्खा कीपॅड, त्यातला फक्त सात झिजलेला.
मी पाट मागून घेते, बसते,
एकेक स्विच कानाशी धरून दाबते.

हा मऊ. हा बोबडा.
हा दाबल्यावर बोलतो, सोडल्यावर गप्प.
मला दोन्ही वेळा बोलणारा हवाय.
जाताना टिक,
येताना जरा हलकं, टक.

रबाळ्यात बावीस वर्षं
मीटरच्या बोर्डांना कथलाचे डाग दिले.
डोळ्यांना जाड भिंग लागलं,
कंपनी उठून दुसऱ्या राज्यात गेली,
कान तेवढे राहिले.

ठाण्याला धनजी गडांकडे नवे मिळतात,
पाकीटबंद, रंगीत, आतून दिवा लागणारे.
म्हणाले, ‘बेन, मुलाचं प्रोजेक्ट?’
मी हो म्हटलं.
खरं सांगायला पाव तास लागला असता
आणि मागे गिऱ्हाईक उभं होतं.

खरं असं, की चरईत
पिठाच्या गिरणीला लागून
इनासचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं.
दाराला काळा पडदा. दादा आत जायचा,
मी बाहेर, दळणाचा डबा आणि नंबर सांभाळत.
मुली आत जात नसत.
कुणी नको म्हटलं नव्हतं, पाटीही नव्हती,
जात नसत, एवढंच.

पडद्याखालून फक्त चपला दिसायच्या.
पण पट्टा उतरला, गिरणी थांबली,
की आतली बटणं ऐकू यायची.
इतक्या हातांत दादाचा हात मला कळायचा:
दोनदा घाईत, मग एक श्वास,
मग धडाधड, धडाधड,
मग शिवी.
मग नाणं पडल्याचा आवाज.
नाणं बऱ्याचदा माझं असायचं.

काचेवर काय चालायचं ते मी पाहिलेलं नाही.
विमान असेल. माकड असेल.
परवा फोनवर दादाला विचारलं.
‘कुठलं दुकान गं?’ म्हणाला.

घणसोलीच्या गॅलरीत आता
वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे
माझं खोकं उभं आहे.
प्लाय जुन्या ओट्याखालचा,
मॉनिटर बंद पडलेल्या सायबर कॅफेतला,
दांडा एका व्हीलचेअरचा (त्याची चौकशी केली नाही).
बटणांना सहा भोकं पाडली,
पाच भरली.
आत कुठला खेळ घालायचा ते ठरलेलं नाही.
शेजारच्या सामंतबाई विचारतात, देव्हारा का हो?
मी म्हणते, बघू.

आज दुपारी तिसऱ्या गोणीच्या तळाशी,
टोनरच्या काळ्या भुकटीत,
एक सापडला.
दाबला. सोडला.
पुन्हा दाबला, आणि मला पिठाचा वास आला,
गरम, नाकात बसणारा,
आणि गिरणी थांबल्यावरची ती शांतता.

इथे सगळं किलोवर.
इस्रारनं स्विच काट्यावर ठेवला.
काटा हलला नाही.
‘इसका क्या लूँ,’ तो स्वतःशीच म्हणाला.
मी दहा काढले. त्यानं मान हलवली,
पाच परत दिले, मग उगाच चहा मागवला.

चहा आला, संपला, पेले गेले.
स्विच मात्र अजून कैफकडे होता.
गोण्यांच्या ढिगाला टेकून
तो डोळे मिटून उभा होता,
स्विच कानाशी.
सोडताना त्याचा अंगठा
अगदी हळू वर येत होता.

मी घाई केली नाही.