साडेपाचपर्यंत

वाळपईत, उमाकांतच्या सायकल दुकानात,
शटर अर्धं खाली ओढून
आम्ही नकाशा पसरतो पंक्चरच्या टेबलावर.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
पाना, ट्यूबचं खोकं, अर्धा उंडा,
फ्रान्सिस्काचं हेल्मेट.

सोंसोगड कागदावर तळहाताएवढाही नाही.
तपकिरी रेघा एकमेकींना इतक्या चिकटलेल्या
की जाईलने पेन्सिल टेकवली
आणि टोकच मोडलं.
"इथं चढ आहे," ती म्हणाली.
कुणी हसलं नाही.

मी कॅल्क्युलेटर काढते.
वीज खात्यात हेच करते, भार मोजते,
कुठल्या ट्रान्सफॉर्मरवर किती घरं.
नऊ माणसं. माणशी तीन लिटर.
वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा धरायचा.
सगळ्यांत हळू कोण
हे नऊ जणांसमोर विचारता येत नाही
म्हणून मी स्वतःचं नाव सांगते.
समोर मिलाग्र हळूच श्वास सोडतो.

शाणू गावकर सत्रेहून आलाय.
तो नकाशा उलट्या बाजूने बघतो,
एका निळ्या रेघेवर नख ठेवतो:
"हांगा उदक ना. मार्चांत ना.
हांगा फकत फातर."
मी निळं खोडते. माणशी चार लिटर.
डोंगर आत्ताच, इथंच,
प्रत्येकाच्या पाठीवर किलोभर वाढला.

मग दोर कुणाकडे, शिट्टी कुणाकडे,
वनखात्याचा कागद अजून सहीविना,
गव्यांची वाट कुठे ओलांडायची,
रोयणीपाशी नारळ ठेवायचा का, यावर वीस मिनिटं.
"नाल्ल म्हजो, हांवच व्हरतां," शाणू म्हणतो.
विषय संपतो.

बारापर्यंत माथा नाही, तर मागे फिरायचं.
हे वाक्य कुणालाच आवडत नाही.
जाईल साडेबारा मागते.
मी बारा लिहिते. पेनाने.

तियोफिल बाब टायरांच्या चळतीवर बसलेत.
अकरा वर्षं तेच पुढे असायचे.
आता गुडघ्यात स्टील.
यादीत त्यांचं नाव नाही,
आणि यादी कुणी मोठ्याने वाचलेलीही नाही.
चहा येतो, दहा ग्लास.
फुंकर घालत ते विचारतात,
"आणि सकल कोण?"

सकल. खाली.
आमच्या कागदावर खाली कुणीच नव्हतं.

मी दहावी ओळ आखते:
जीप, पुलापाशी, साडेपाचपर्यंत.
नंतर फोन. आधी कुणाला, मग कुणाला, काय सांगायचं.
ते दोनदा म्हणून दाखवतात, पाढ्यासारखं.
"थोडं थांबून बघा हां, बाब," उमाकांत म्हणतो.
"ना. थोडं म्हटलं की मनीस बसून उरता."

मनगटावरचं घड्याळ काढून
ते माझ्या मोबाइलशेजारी धरतात.
दीड मिनिट मागे.
चावी ओढून, जीभ दातांत धरून,
काटा पुढे आणतात,
जराही घाई न करता.