मिक्स

तिसऱ्या रकान्यात लाल शाईनं लिहिते, मिक्स.
त्याहून जास्त जागा नाही तिथं.

सुकरा ओराँव, वय सव्वीस, पुरुष.
पत्ता: प्रभादेवी, एकतिसावा मजला.
अजून बांधून न झालेला.

काचेवर पसरलेलं रक्त, जेएसबीत बुडवलेलं, वाळलेलं,
वर तेलाचा थेंब.
शंभर क्षेत्रं मोजायची असतात. मी मोजते.
एकोणिसाव्यात व्हायवॅक्स:
फुगलेल्या पेशीत ऐसपैस पसरलेला,
घरजावयासारखा.
बाविसाव्यात फाल्सिपॅरम: बारीक नाजूक अंगठ्या,
एकाच पेशीत दोन,
जणू दोन्ही घरांनी एकाच मुलीसाठी पाठवलेल्या.

एकटा असता तर बेतानं खाल्लं असतं यानं,
पराडकर सर सांगायचे, चहा गार होईपर्यंत.
त्याला कळतं म्हणून नव्हे, कळत काही नाही.
अधाशी होते ते यजमानासोबत सरणावर गेले,
उरले ते बेताचे.
पण त्याच रक्तात दुसरा कुणी उतरला
की राखून ठेवलेला घास त्याचा होतो.
मग जो आधी ओरबाडेल त्याचीच पोरं
डासाच्या पोटात जागा धरतात.
यजमानाचं काय, हा प्रश्न तिथं कुणाचाच नसतो.

मला हे सरांच्या आधीपासून ठाऊक होतं.
शिवडीला आमच्या इमारतीत पहाटे साडेचारला पाणी यायचं,
पाऊण तास, करंगळीएवढी धार, पण सगळ्यांना.
मग दुसऱ्या मजल्यावरच्या खोपकरांनी मोटर बसवली.
वाईट माणूस नव्हता तो,
माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर त्याचीच सही आहे.
एप्रिलपर्यंत अकरा मोटरी झाल्या.
आमचीही होती, अर्ध्या हॉर्सपॉवरची,
बाबा तिच्यावर गोणपाट टाकून ठेवायचे.
सगळ्यांनी मिळून पाइप असा ओढला
की फटीतून गटाराचं पाणी आत आलं.
खोपकरांच्या मुलीला कावीळ झाली, मग मला.
पिवळ्या डोळ्यांनी आम्ही जिन्यात पत्ते खेळायचो.

शेवटच्या तासाला मात्र सरांनी घोळ घातला.
म्हणाले, काही जिवाणू लोह ओढायला आकडे विणतात,
सगळ्यांच्या उपयोगाचे.
शेजारी फुकटे आले की ते नुसते खातात, विणत नाहीत,
हळूहळू विणणारेच कमी होतात,
आणि रोगी थोडक्यात सुटतो.
म्हणजे गर्दी नेहमी क्रूरच असते असं नाही,
कधी ती नुसती आळशी असते.
परीक्षेत यातलं काय लिहायचं?
सर हसले. घंटा झाली.

दोन आहेत म्हटल्यावर सुकरानं विचारलं,
मग आधी कोण आला?
काचेवर तारीख नसते रे, मी म्हटलं.
आणि गोळ्या पुऱ्या घे.
एक मेला की दुसऱ्याला अख्खी खोली मोकळी.
व्हायवॅक्स तर यकृतात झोप काढतो,
पांघरूण घेऊन, महिनोन्‌महिने.
चौदा दिवस. मध्येच बरं वाटलं तरी चौदा.

आशाताई रजेवर, म्हणून तिसऱ्या दिवशी मीच चढते.
लिफ्ट बसलेली नाही.
बाविसाव्यावर दम खाते,
खाली समुद्र, कुणी चादर झटकावी तसा.
स्लॅबवर मुरत ठेवलेल्या पाण्यात
अळ्या, पृष्ठभागाला समांतर, आडव्या.
म्हणजे आपल्याच.
बाटलीत दोन घेते.

एकतिसाव्यावर चौदा जण पाळीनं झोपतात.
मच्छरदाणी एकच, मुकादमाची.
कोपऱ्यात पाण्याचा ड्रम, शेजारी चौदा बाटल्या,
प्रत्येकीवर एकाच उंचीला लाल ऑइलपेंटची रेघ.
मुकादमानं मारली?
नाही, आम्हीच, सुकरा म्हणतो.
मग जरा थांबून,
रात्री कुणीतरी रेघेच्या वर भरतं.
कोण ते माहीत आहे. त्याला ताप आहे.

मी त्याचं बोट मागते.