सहभागी क्रमांक एकोणीस

पाषाणच्या लॅबमध्ये पंखा बंद ठेवावा लागतो,
मायक्रोफोनला त्याची घरघर बोलण्यासारखी वाटते.
घामेजलेले आम्ही, आणि कॅमेऱ्यापुढे
उत्रेश्वर ढोबळे, वय चोपन्न,
भोसरीहून दोन बस बदलून आलेले
चहा आणि दोनशे रुपयांसाठी.

"काका, आधी 'थांब' करा, मग 'ये', मग 'नको'."
त्यांनी उजवा हात पुढे केला.
मधलं बोट आणि अनामिका प्रेसनं नेलेली.
फॉर्मात त्याला रकाना नव्हता.

पडद्यावर हिरवे ठिपके उमटले. एकवीस.
पाचही बोटं, शेवटच्या पेरापर्यंत.
हात असाच असतो, हे मशीनला
आम्हीच शिकवलेलं,
दहा हजार धडधाकट हात दाखवून.

चूक म्हणून नोंदायला मी वही ओढली.
ते पडद्याकडे बघत होते.
मूठ मिटली. ठिपक्यांनीही.
उघडली, तर नसलेलं बोट सावकाश उलगडलं.
मग अंगठ्यानं त्याची पेरं मोजली,
एक, दोन, तीन,
हवेत.

"गंमतच आहे," म्हणाले. "राहू द्या ताई, पुढचं घ्या."
आवाजाच्या रकान्यात आलं: पुढे जा,
खात्री ब्याण्णव टक्के.
हात मात्र जागचा हलला नाही.
तोंड एक सांगतं, हात दुसरंच,
तेव्हा कुणाचं धरायचं,
यावर माझं अख्खं तिसरं प्रकरण आहे.

पुढचं घेतलं नाही मी.
बाहेर सुतारवाडीची बस येऊन गेली.
रेकॉर्डिंग चालूच, अकरा मिनिटं,
कुठल्याच खुणेत न बसणारी.