वीस मिनिटांचा शेक

बोरिवलीला, आय. सी. कॉलनीच्या कोपऱ्यावर
फिजिओथेरपीचं दुकानवजा सेंटर आहे.
दोन खाटा, मधे हिरवा पडदा.
गुडघ्याला वायरी लावून मुलगी सांगते,
"वीस मिनिटं. हलू नका, काकी."
आणि जाते मोबाईल बघायला.

एकतीस वर्षं मी लोकांना बोलायला लावलं.
टेलिफोन एक्स्चेंज. कानाला हेडसेट, हातात दोऱ्या,
सातारा जोडून देते, भुसावळ जोडून देते,
तीन मिनिटं झाली, वाढवायचीत का?
आपण मधे बोलायचं नाही, हा नियम.
तो असा अंगवळणी पडला
की मला स्वतःला कुणाशी कसं जोडायचं
ते शिकायचं राहूनच गेलं.

पहिल्या मंगळवारी पडद्यापलीकडे कुणी खोकलं.
बाईमाणूस. मी विचारलं, कुठला गुडघा?
डावा.
कधीपासून? वर्ष झालं.
मुलंबाळं? दोन.
राहता कुठं? इथंच.
मग विचारायला काही उरलं नाही.
रेशनकार्डाचा फॉर्म भरून झाल्यासारखं वाटलं.
तिलाही वाटलं असणार,
सही केल्यासारखा तिनं एक सुस्कारा सोडला.

शुक्रवारी ठरवलं, आज चौकशी नाही.
आणि सुरू केलं:
आमच्या नंदनचं पुण्यातलं घर, त्याचे हप्ते,
सुनेचं थायरॉइड, आमचे हे गेले ती दिवाळी.
ती हं म्हणत होती.
हं. हं. मग नुसतंच ह.
ट्रंक लाईनवर असं व्हायचं,
एकजण आपला बोलत राही
आणि पलीकडच्यानं केव्हाच फोन ठेवलेला असे.
आमच्या बोर्डावर तसा दिवा तरी लागे.
इथं कुठला दिवा?
शेक संपला तेव्हा
तिचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला गप्प पडून राहिले.
वर छताला ओलीचा डाग होता.
म्हटलं, जवळजवळ स्वतःशीच,
"हा डाग श्रीलंकेसारखा दिसतो."
पलीकडे शांतता.
मला घाई झाली, पुढं काही बोलावं, सारवून घ्यावं.
नाही बोलले. जीभ दाताखाली धरली.
चार, पाच, सहा सेकंद,
दूरच्या गावी घंटा वाजत राहायची, तसे.

"मना तं सुका बोंबील दिसतंय," ती म्हणाली.
"शेपटीकडं बघा."
बघितलं. होता.

मग बोंबलावरून गोराई निघाली,
बापाच्या वलांडीवर वाळत घातलेली मासळी,
आणि मी भाव विचारणार होते, पण विचारलं,
"वास यायचा का हो, की सवय झालेली?"
थोडं थांबून ती म्हणाली,
"लग्न करून इथं आले ना,
वास नाही म्हणून महिनाभर झोप नव्हती."
मी म्हटलं, मला रिटायर झाल्यावर तसंच,
कानात घंटा वाजायची थांबली तर दचकून जाग यायची.
एवढंच म्हटलं. नंदनला आणलं नाही.
तर तिनं विचारलं, "कोण काय काय बोलायचे गं फोनवर?"

एकतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
नवऱ्यानंसुद्धा.
मी तोंड उघडलं, आणि आधी काही सुचेचना.

ब्रिजिडा तिचं नाव. ब्रिजू म्हणायचं.
चेहरा शेवटच्या दिवशी पाहिला,
मी आवाजावरून उंच समजत होते,
निघाली माझ्या खांद्याएवढी.

तिच्या दहा बैठका संपल्या. माझ्या चार उरल्यात.
आज पलीकडे कुणी पुरुष आहे,
जड श्वास, खिशात किल्ल्यांचा जुडगा.
छताला परवा रंग दिला,
पांढरंफेक, बोलण्यासारखं काही नाही.

"इथं एक डाग होता," मी म्हणते.
आणि थांबते.