हाकेच्या अंतरावर

जळगावात, तिसऱ्या मजल्यावर बसून
मी यंत्राला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकवते:
सगळ्यात जवळचा गुरांचा डॉक्टर कोणता?

यंत्रानं नकाशावर पट्टी ठेवली.
म्हणालं, वडझिरीच्या समोरच आहे की,
सहाशे मीटर.
मधली तापी त्याच्या लेखी
नुसता निळा रंग.

हिलाल आप्पांना फोन लावला. तीस वर्षं दुधाची गाडी.
आधी हसून घेतलं त्यांनी.
"नकाशाले काय ठाऊक, माय?
त्या दवाखान्याचं कुलूप दिसतं आमच्या ओट्यावरून.
पण गाडीनं जायचं तर आधी मागं, फाट्यावर,
मग पूल, मग केळीच्या ट्रका,
मग पुन्हा नदीकडे तोंड करून उलटं.
एकेचाळीस भरतात.
आपला डॉक्टर पाठीमागचा. चौदावर.
रेल्वेचं फाटक उघडं असलं तर."

मग बसले गाठी मारत.
एकेक फाटा, एकेक गाठ;
दोन गाठींमधल्या दोरीवर तिची लांबी लिहायची,
फाटकाची मिनिटं वेगळी.

सरळ रेघ मात्र पुसली नाही.
ती खोटं बोलत नाही,
कमी सांगते फक्त,
सोयरीक जमवणाऱ्या माणसासारखी.
रस्ता तिच्याहून आखूड कधीच निघत नाही.
म्हणून आधी तिलाच विचारायचं,
तिनं दाखवलेली दारं ओळीनं रस्त्यानं मोजायची,
आणि पुढचं दार तिच्याच हिशेबानं
चौदाच्या पलीकडे गेलं
की थांबायचं.

पोळ्याच्या आदल्या रात्री वडझिरीहून फोन आला.
धुडकूची म्हैस अडली होती.
डोळा लवायच्या आत उत्तर: चौदा.
गाडी निघाली.
फाटकावर मालगाडी. डबे संपेचनात.

बाकीचं आप्पांनी सांगितलं, दुसऱ्या दिवशी.
नदी फुगलेली, पण मुकी.
धुडकू काठावर जाऊन ओरडला.
पलीकडे कंदील हलला,
आणि पाण्यावरून तुटक तुटक आवाज आला,
"मुंडकं वळलंय... आधी आत लोट...
मग ओढ... ओढ, भो!"

डॉक्टर पोचले अकरा बावन्नला.
नोंदवहीत मी लिहिलं: उत्तर बरोबर.
तोवर वगार उभी होती, ओली,
चारी पाय फाकवून,
गाडीच्या दिव्यांकडे बघत.