थर्माकोलचा चेक

थर्माकोलला बंदी आहे म्हणे राज्यात.
तरी चेक थर्माकोलचाच होता,
दरवाजाएवढा.
त्यावर निळ्या अक्षरांत नायनाचं नाव,
राजेशम मल्लेशम गाजूल,
आणि पुढे दहा लाख फक्त.

हुतात्मा मंदिराच्या स्टेजवर
एक टोक साहेबांनी धरलं, दुसरं नायनाने.
फोटोवाला म्हणाला, हसा की काका.
हसताना तोंडावर हात धरायची नायनाला सवय,
पण हात चेकमध्ये अडकलेले.
साहेबांच्या खांद्यावरची मोरांची चादर
आमच्याच चार नंबरच्या मागावरची.
तिचं बिल अजून निघायचंय.

चेक रिक्षात मावेना.
बाहेर हात काढून मी टपावर दाबून धरला.
कन्ना चौकात कुणीतरी ओरडलं,
"का बे राजेशम, बोर्डाचं दुकान काढलास काय?"

बँकेत म्हणाले, हा चालत नाही.
ते आम्हालाही माहीत होतं.
खरा कधी, विचारलं,
तर प्रस्ताव प्रक्रियेत आहे.
आमच्याकडे सुताला कांजी लावतात,
वाळवतात, बीमवर ओढतात,
त्याला प्रक्रिया म्हणतात.
शेवटी कापड दिसतं.

पाच महिने.
चेक आम्ही पश्चिमेच्या खिडकीला लावला.
बाहेर त्रेचाळीस अंश,
आत दहा लाखांची सावली
कांड्यांच्या टोपलीवर.
अम्मा तिथेच सूप घेऊन विड्या वळायला बसायची.
"कामाला आला की," म्हणायची.
कडेचे पांढरे मणी सुटून
ताण्यात अडकायचे, ते वेचणं माझं काम.

मग एका शनिवारी, सुट्टीच्या दिवशी,
उद्योग केंद्राच्या शिरढोणकर मॅडम आल्या.
स्कूटीवर, एकट्या.
फाईल मांडीवर घेतली.
माग चालू ठेवा, म्हणाल्या, मी मोठ्याने बोलते.

आधार बघितलं. लाईटबिल बघितलं.
परत आधार.
"इथे जू दुसरा आहे, इथे पहिला.
आणि मीटर मल्लेशम यांच्या नावावर.
ते कुठे असतात?"
नायनाने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.
फोटोचा हार प्लॅस्टिकचा, धूळ बसलेला.

मॅडम जरा वेळ फाईलकडेच बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "पाच टेबलं फिरली ही.
कुणी वाचली नाही.
मीही नाही. पहिल्याच आठवड्यात सही करून टाकली होती."

धोटा इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे.
खुर्चीवरचं माणूस असं बोललेलं
नायनाने चौपन्न वर्षांत ऐकलं नव्हतं.
त्याने बटण दाबून माग थांबवला.
शेजारच्या खोलीतून अम्मा धावत आली,
लाईट गेली का, म्हणत.

सोमवारी वीज कंपनीच्या रांगेत
मॅडम आमच्या मागे उभ्या होत्या, पुढे नाही.
एक उकार बदलायला नऊ दिवस लागले.
मेलेल्या आजोबांना मीटरवरून उतरवायला
त्याहून जास्त.

लोन झालं. दहा नाही, सहा.
दोन माग आले. एकाची मोटर
महिन्यात जळाली, ते वेगळं.
चेक मात्र खिडकीलाच राहिला,
ऊन काही मंजुरीसाठी थांबत नाही.

जुलैत मॅडमची बदली झाली, नंदुरबारला.
नायना सहा टॉवेल घेऊन गेला, निळ्या काठाचे.
मॅडमनी काठ उलटा करून बघितला,
वीण दाबली, आणि पर्स उघडली.
"पावती फाडा. पक्की. शिक्का मारून."
नायना अर्धा लाजला, अर्धा रागावला,
मग मला पुढे केलं.

नव्या पुस्तकाचं पहिलं पान.
खाली कार्बन सरळ केला,
पेन टेकवलं, आणि थांबले.
"मॅडम, शिरढोणकर. शि पहिली का दुसरी?"

"पहिली," म्हणाल्या. "नीट लिही.
बदलीच्या ऑर्डरमध्ये
दुसरी टाकलीय त्यांनी."